मुक्तीनंतरच्या कोरियातली कलाप्रदर्शनं: भिंतीवर काय होतं, आणि ते कुणी टांगलं?

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोरियन भाषा शिकणारा तुमचा गट 15 ऑगस्टला कॉलेजच्या दालनात बारा फलकांचं प्रदर्शन लावणार आहे, कारण हा दिवस आपल्यासारखाच कोरियाचाही. विषय आहे जपानी राजवट संपल्यावर कोरियाने कलाप्रदर्शनांतून आपली संस्कृती कशी साजरी केली. तुमच्या कच्च्या आराखड्यात 1945 नंतर थेट हानबोक हा पारंपरिक पोशाख, सेलाडॉन म्हणजे हिरवट झिलईची भांडी, पांढरी चंद्रबरणी, लोकचित्रं आणि शेवटी आजची झगमगीत संग्रहालयं आहेत. आणि तुम्ही विचारलंय: विषय आनंदाचा आहे, मग जपानी काळ गाळला तर चालेल का?

गाळू नका. तो गाळला तर उरलेल्या फलकांना अर्थच राहणार नाही. सेलाडॉनचं भांडं 1944 सालीही तेच होतं आणि 1946 सालीही तेच. ते कपाटातून कोणी काढलं, कुठल्या इमारतीत ठेवलं आणि बघायला कुणाला बोलावलं, हे मात्र बदललं. प्रदर्शनं मांडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे मला भिंतीवरच्या चित्राइतकाच परीक्षक मंडळाच्या यादीत रस असतो. तुमच्या बारा फलकांतही तीच नजर ठेवा असं सुचवेन. नुसत्या सुंदर वस्तू लावल्या तर ते पर्यटन खात्याचं कॅलेंडर होईल.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर आहेत. प्रेक्षक पहिल्या वर्षाची मुलं असतील तर वेगळं, कोरियन पाहुणे येणार असतील तर वेगळं, कारण पुढे मी जी नावं घेणार आहे त्यातली काही तिथे आजही वादाची आहेत. खर्चाला कुणी पैसे देत असेल तर मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधीच विचारून घ्या. उद्घाटनाच्या आदल्या रात्री फलक बदलायची वेळ येऊ नये.

आता मुद्द्यावर. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. 1922पासून 1944पर्यंत जपानी गव्हर्नर-जनरलचं कार्यालय दरवर्षी सोलमध्ये एक सरकारी कलाप्रदर्शन भरवत असे. त्याचं बोलीतलं नाव सोनजोन. एकूण 23 वेळा ते भरलं. परीक्षक बहुतेक जपानी, टोकियोहून आलेले. चित्रकाराला नाव मिळवायचं तर हाच रस्ता, दुसरा जवळजवळ नाहीच. कोरियन चित्रकार-सुलेखनकारांनी 1918मध्ये स्वतःची संस्था काढली होती आणि 1921पासून तिची प्रदर्शनंही होत होती, पण 1936नंतर दडपणाखाली ती थांबली.

सोनजोनच्या परीक्षकांना आवडायचा तो 'स्थानिक रंग': बैल, टोपल्या घेतलेल्या बायका, खेड्यातली पोरं, तांबडी माती. ली इन-संग या देगूच्या चित्रकाराचं 1934चं 'शरदातला एक दिवस' नीट बघा. गडद निळं आकाश, भाजल्यासारखी लाल जमीन, सुकत आलेली रोपं, त्यात उघड्या अंगाची, हातात टोपली घेतलेली तरुणी आणि शेजारी एक लहान मुलगी. सोनजोनमध्ये ते खास निवडलं गेलं. आता हे कोरियन मातीवरचं प्रेम, की टोकियोच्या परीक्षकाला हवा होता तसा 'रम्य, मागासलेला प्रांत'? कोरियन समीक्षकांचा यावर अनेक वर्षं खल चाललाय. माझं मत विचाराल तर दोन्ही. चित्रकार खराच होता आणि बाजारही खरा होता. तुमचा पहिला फलक याच चित्राचा करा. हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात गेला की पुढचा प्रत्येक फलक तो वेगळ्या डोळ्यांनी बघेल.

आणखी एक बारीक तपशील, पण माझ्या मते फार मोलाचा. 1932मध्ये सोनजोनमधून सुलेखनाचा विभाग काढून टाकला आणि त्या जागी हस्तकला आणली. कोरियात चित्र आणि अक्षर एकाच कुंचल्यातून येतं असं शेकडो वर्षं मानलं गेलं होतं, त्यामुळे हा बदल कार्यालयीन वाटला तरी कार्यालयीन नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

15 ऑगस्ट 1945ला जपानने हार मानली. 18 तारखेला सोलमधल्या कलावंतांनी संघटना उभारली होती. तिचे प्रमुख को हुई-दोंग, तैलचित्रकला शिकायला टोकियोला गेलेले पहिले कोरियन, जे परतल्यावर काही वर्षांनी पुन्हा शाईच्या चित्रांकडे वळले. या संघटनेचं मुक्तीनिमित्तचं प्रदर्शन ऑक्टोबर 1945मध्ये भरलं, दोक्सुगुंग राजवाड्यातल्या सोक्जोजोन या दगडी महालात. हा महाल 1910मध्ये पुरा झाला, खांब-कमानी सगळ्या युरोपीय धाटणीच्या, आणि 1933पासून तिथे जपानी चित्रकारांची आधुनिक कला लावलेली असायची. त्याच भिंतींवर आता कोरियन चित्रकारांनी स्वतः निवडलेली कोरियन चित्रं आली. पहिलं राष्ट्रीय म्हणावं असं प्रदर्शन कोणतं, तर माझ्या लेखी हे.

पण लग्नाच्या अल्बममध्ये कोण दिसत नाही यावरून घरातली भांडणं कळतात, तसं या प्रदर्शनाचंही आहे. किम उन-हो, ली सांग-बोम, किम की-चांग अशा नामवंतांना बाहेर ठेवलं गेलं, कारण युद्धकाळात त्यांनी जपानच्या प्रचाराला हात लावला होता. किम उन-होंनी 1937मध्ये कोरियन बायका जपानी सैन्यासाठी केसांत खोवायचे सोन्याचे आकडे दान करताहेत असं चित्र काढलं होतं, त्यांच्याबद्दल फारशी चर्चा नको. ली सांग-बोम यांचं काय करायचं? 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सोन की-जोंग मॅरेथॉन जिंकला तो जपानच्या गणवेशात. दोंगा इल्बो या वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापताना छातीवरचा जपानी झेंडा पुसून टाकला गेला, आणि पुसणारा हात याच ली सांग-बोमचा होता. त्यापायी अटक झाली, नोकरी गेली. तोच माणूस पुढे युद्धाच्या प्रचारात सामील होतो, 1945मध्ये वाळीत पडतो, आणि त्यानंतर काही वर्षांत सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षक मंडळात बसतो. तुमच्या तिसऱ्या फलकावर एवढी एकच गोष्ट सांगितलीत तरी पुरे. 'देशभक्त' आणि 'फितूर' असे दोन खण पाडले की या माणसाला ठेवायला जागा उरत नाही.

संग्रहालयाचं थोडक्यात. 3 डिसेंबर 1945ला राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, तेही ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात, गव्हर्नर-जनरलच्या जुन्या संग्रहालयाच्या इमारतीत. ही इमारत मुळात 1915च्या जपानी औद्योगिक प्रदर्शनासाठी बांधलेली, आणि त्या प्रदर्शनाला जागा करायला राजवाड्याचे कितीतरी महाल पाडले होते. संचालक किम जे-वोन जर्मनीत शिकून आलेले. त्यांच्याकडे उत्खननाचा अनुभव असलेली कोरियन माणसं जवळजवळ नव्हतीच, कारण राजवटीने ते काम कोरियनांच्या हाती दिलंच नव्हतं. म्हणून जुन्या संग्रहालयातले जपानी तज्ज्ञ आरिमित्सु क्योइची यांना मायदेशी जाऊ न देता काही काळ ठेवून घेतलं आणि 1946मध्ये ग्योंगजूला सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातलं एक थडगं उघडलं. त्यात कांस्याचं, झाकण असलेलं भांडं निघालं, बुडाशी गोगुर्यो राज्याच्या ग्वांगगेतो राजाचं नाव असलेलं. स्वतंत्र कोरियाचं पहिलं उत्खनन आणि हाती लागलं ते उत्तरेच्या बलाढ्य राजाचं नाव. असा योग आला की प्रदर्शनकाराला वेगळं काही करावं लागत नाही, भांडं उलटं ठेवून आरसा लावला की झालं.

आता कुकजोन. 1949मध्ये नव्या प्रजासत्ताकाच्या सरकारने वार्षिक राष्ट्रीय कलाप्रदर्शन सुरू केलं, ग्योंगबोकगुंगच्याच आवारात. कोरियन युद्धामुळे खंड पडला, 1953मध्ये पुन्हा सुरू झालं आणि 1981पर्यंत, 30 वेळा भरलं. विभाग, परीक्षक, क्रमवार बक्षिसं, 'शिफारसप्राप्त' चित्रकारांची वेगळी रांग, सगळा सांगाडा सोनजोनचा. सोनजोनने तो टोकियोच्या सरकारी प्रदर्शनाकडून घेतला होता आणि टोकियोने पॅरिसच्या सलाँकडून. राजवट गेली, अर्जाचा नमुना राहिला. आपल्याकडे कुणी सरकारी कचेरीत काम केलं असेल त्याला यात काही नवल वाटणार नाही. मात्र एक दुरुस्ती झाली: सुलेखनाचा विभाग परत आला. 1932चा तपशील लक्षात ठेवायला सांगितला तो यासाठी. तुमच्या प्रदर्शनात हे दोन साल शेजारी शेजारी आले पाहिजेत, कारण परक्याने काढून घेतलेली गोष्ट परत जागेवर ठेवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

आणि पहिल्या कुकजोनचं राष्ट्राध्यक्षांचं पारितोषिक कशाला मिळालं? र्यू ग्योंग-चे यांच्या तोडलेल्या जंगलाच्या परिसराच्या चित्राला. तुमच्या आराखड्यात 'साजरं करणं' म्हणजे सणासुदीचे कपडे असं गृहीत धरलंय. त्या काळच्या परीक्षकांनीही ते तसं धरलं नव्हतं.

कुकजोनवर नाराज असणारे पुष्कळ होते. परीक्षक तेच, त्यांच्या शिष्यांनाच बक्षिसं, अशी तक्रार वर्षानुवर्षं चालली. किम ह्वान-की, यू योंग-गुक आणि ली ग्यू-सांग यांनी 1947मध्येच आपला वेगळा गट काढला होता. (त्याच वर्षी मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट जमला. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही, पण तुमच्या प्रेक्षकाला काळाचा अंदाज यायला हा उल्लेख चांगला.) एप्रिल 1960च्या उठावाने राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचं सरकार गेलं, आणि त्या ऑक्टोबरात तरुण चित्रकारांनी आपली चित्रं सरळ दोक्सुगुंगच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडेला लावली. 1945चं मुक्तीचं प्रदर्शन आत भरलं होतं. पंधरा वर्षांनी नवी पिढी त्याच आवाराच्या भिंतीला बाहेरून चित्रं टेकवत होती. या दोन्हींचा एकच फलक करा आणि मध्ये भिंतीची रेघ काढा.

इथपर्यंतचा हिशेब असा: जुन्या राजवटीची इमारत, जुन्या राजवटीची पद्धत, पण निवडणारे हात नवे, आणि कुणाचे हात चालतील यावर भांडण. यात अजून फाळणी आलेली नाही. ती घ्या, कारण उत्तर-दक्षिण वगळून 'राष्ट्रीय' हा शब्द कोरियाच्या संदर्भात लिहिता येत नाही.

त्यासाठी एक चित्रकार पुरेसा आहे, ली क्वे-दे. त्यांचं 1940च्या दशकाच्या अखेरचं आत्मचित्र घ्या. निळा दुरुमागी म्हणजे कोरियन पायघोळ अंगरखा, डोक्यावर मात्र फेल्ट हॅट. डाव्या हातात तैलरंगांची पॅलेट, उजव्या हातात शाईच्या चित्रांसाठी वापरतात तसा कुंचला. मागे हिरवी शेतं, वळणाची वाट, डोक्यावर ओझं घेऊन चाललेल्या बायका. सोनजोनच्या 'स्थानिक रंगा'त असायचं ते सगळं यात आहे, फक्त ते आता मागे सरकलंय आणि पुढे एक माणूस उभा राहून सरळ तुमच्याकडे बघतोय. पहिल्या फलकावरच्या ली इन-संगच्या चित्राशेजारी हे ठेवून बघा, मग मला काय म्हणायचंय ते मजकुराशिवाय कळेल. 1948च्या आसपास त्यांनी 'जनसमूह' नावाची प्रचंड चित्रं केली, एकमेकांत गुंतलेली डझनावारी उघडी शरीरं, काही कोसळणारी, काही उठणारी. युद्धात ते कोजे बेटावरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. 1953च्या कैद्यांच्या अदलाबदलीत ते उत्तरेत गेले. झालं, दक्षिणेत त्यांचं नाव घेणं बंद. पत्नीने चित्रं माळ्यावर लपवून जपली. उत्तरेत गेलेल्या कलावंतांवरची बंदी 1988मध्ये उठली. 2015मध्ये, मुक्तीच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, दोक्सुगुंगमध्येच.

परदेशी पाठवलेल्या प्रदर्शनांना दोन फलक पुरेत. 1957च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत कोरियन कलेच्या उत्तमोत्तम वस्तू मांडल्या गेल्या. तिथून न्यूयॉर्क, बॉस्टन, सिएटल, होनोलुलू असा अमेरिकेत दौरा, आणि 1961पासून लंडन, पॅरिस, व्हिएन्ना वगैरे. सिल्लाचा सोन्याचा मुकुट, बुद्धमूर्ती, सेलाडॉन. 1950च्या युद्धात याच वस्तू खोक्यांत भरून घाईघाईने बुसानला हलवाव्या लागल्या होत्या. तोवर जगाला कोरिया म्हणजे युद्धाच्या बातम्यांतले उद्ध्वस्त रस्ते. त्या सरकारला दाखवायचं होतं की आम्ही जपानची किंवा चीनची उपशाखा नाही. शीतयुद्धाचं राजकारण त्यात होतंच, लपवायचं कारण नाही. 1976मध्ये 'कोरियन कलेची 5000 वर्षं' हे प्रदर्शन क्योतो, फुकुओका आणि टोकियोला गेलं. ज्यांनी राज्य केलं त्यांच्याच राजधानीत जाऊन पाच हजार वर्षं मांडायची, यातला ठसका प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही.

आता तुमची लाडकी चंद्रबरणी. ठेवा, पण जपून. सतराव्या-अठराव्या शतकातली ही पांढरी, नक्षी नसलेली, सुमारे चाळीस सेंटिमीटर उंचीची मोठी बरणी. चाकावर एवढा गोल एका दमात उठत नाही, म्हणून दोन अर्धगोल वेगळे करून कमरेपाशी जोडतात. भट्टीत तो जोड किंचित बसतो आणि बरणी एका बाजूला थोडी कलते. फोटो काढताना उजेड बाजूने पडू द्या, समोरून फ्लॅश मारलात तर जोड दिसणार नाही आणि मग दाखवायला काही उरणार नाही. अडचण वस्तूत नाही, तिच्याखालच्या मजकुरात आहे. 'पांढरा हा कोरियन माणसाच्या दुःखाचा रंग' हे वाक्य तुमच्या आराखड्यात आहे. हा विचार पसरवला जपानी विचारवंत यानागी मुनेयोशी यांनी. माणूस कोरियाचा खरा चाहता. ग्वांगह्वामुन हा राजवाड्याचा दरवाजा पाडायला निघाले तेव्हा त्यांनी 1922मध्ये जाहीर विरोध केला, 1924मध्ये सोलमध्ये कोरियन लोककलेचं संग्रहालय काढलं. पण गुलामीतल्या लोकांची कला म्हणजे दुःखाची कला, हा निष्कर्ष मुक्तीनंतरच्या अनेक कोरियन अभ्यासकांनी नाकारला. 15 ऑगस्टच्या प्रदर्शनात तेच वाक्य ठोकून देणं बरं दिसणार नाही. आणि गंमत अशी की 1975मध्ये पाच कोरियन चित्रकारांच्या पांढऱ्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, पाक सो-बो त्यातले एक, आणि त्यानंतर 'कोरियाचा पांढरा' जगभर गाजू लागला. ते भरलं होतं टोकियोच्या एका गॅलरीत.

राहिली इमारत. गव्हर्नर-जनरलचं मुख्यालय 1926मध्ये ग्योंगबोकगुंगच्या पुढ्यात बांधलेलं, राजवाडा झाकला जाईल असं. 1986मध्ये राष्ट्रीय संग्रहालय त्यातच हलवलं. म्हणजे कोरियाचा सगळा ठेवा बघायला जपानी सत्तेच्या घुमटाखालून जायचं. लोकांना ते खुपत होतं. 15 ऑगस्ट 1995ला, मुक्तीच्या पन्नाशीला, घुमटाचा कळस उतरवला आणि पुढच्या वर्षापर्यंत इमारत पाडली. कळस आज चोनानच्या स्वातंत्र्य स्मारकाच्या आवारात आहे, मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली खोलगट जागेत, म्हणजे बघणाऱ्याची मान खाली वळते. आपण मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं नाव बदललं आणि इमारत ठेवली. दोन्ही पद्धतींना कारणं आहेत. मला व्यक्तिशः इमारत ठेवणं पटतं, पण आपलं ते म्युझियम शिवनेरीच्या दरवाजात बांधलेलं नव्हतं, हे विसरून कोरियनांना उपदेश करू नये. सध्याचं राष्ट्रीय संग्रहालय 2005मध्ये योंगसानला उघडलं. ती जमीनही आधी जपानी आणि मग अमेरिकन सैन्याच्या तळाची.

बारा फलकांत हे बसवायचं तर माझी विभागणी असमान असेल. सोनजोनला दोन, 1945च्या ऑक्टोबरला दोन, संग्रहालय आणि उत्खननाला एक, कुकजोन आणि 1960ची भिंत यांना दोन, ली क्वे-देला अख्खा एक, परदेशवाऱ्यांना दोन, बरणीला एक, इमारतीला एक. हानबोक आणि लोकचित्रं गेली म्हणून वाईट वाटेल. ती प्रवेशाशी टेबलावर खऱ्या वस्तूंच्या रूपात ठेवा, फलकावर नको.

छपाईआधी हक्कांचं बघा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. ली इन-संग 1950मध्ये गेले, त्यांची अडचण नाही. ली क्वे-दे 1965मध्ये, म्हणजे मुदत 2025 अखेरपर्यंत. किम ह्वान-की 1974मध्ये गेले, त्यांच्या चित्रासाठी परवानगी लागेल, मिळाली नाही तर फक्त मजकूर द्या. प्राचीन वस्तूंची चांगली छायाचित्रं सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खुल्या परवान्यात मिळतात, फक्त प्रत्येकाखालचा परवान्याचा प्रकार वाचा. कोरियन नावांत आडनाव आधी येतं, ते सगळ्या फलकांवर तसंच ठेवा, अर्धे उलटे आणि अर्धे सुलटे नकोत. मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर गेला तर उभं राहून कुणी वाचत नाही. कच्चे फलक तयार झाले की पाठवा, सालं आणि नावं मी तपासून देईन.